दारूच्या दुकानाचा हिशोब मागणारे जोतीराव

एप्रिल महिना उजाडला की वस्त्यावस्त्यांतून निळे झेंडे लागतात. ११ एप्रिलला राष्ट्रपिता जोतीराव फुले आणि १४ एप्रिलला विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर अशी संयुक्त जयंती आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यातही आता सर्रास साजरी होते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु मागे एका वर्षी तालुक्यातल्या एका नाक्यावर जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. दोन्ही महापुरुषांच्या प्रतिमा असलेला भला मोठा फलक, खाली शुभेच्छुकांची नावे आणि त्यात सर्वांत ठळक अक्षरांत एका परमिट रूमच्या मालकाचे नाव! फलक बांधणारी पोरे आपलीच होती. वर्गणी कमी पडली, शेठने भर घातली, असा त्यांचा सरळ हिशोब. मी त्यांच्यावर रागावलो नाही. ज्या जोतीरावांचे चित्र त्यांनी बारवाल्याच्या नावावर टांगले होते, त्या जोतीरावांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी पत्र दिले होते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपण भिडेवाडा सांगतो, पाण्याचा हौद सांगतो, ‘गुलामगिरी’ सांगतो. नगरपालिकेतले जोतीराव मात्र सांगत नाही. म्हणून आज हा लेखनप्रपंच.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा, पुण्याचा. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा करणारे. आई चिमणाबाई जोतीराव जेमतेम वर्षाचे असताना गेल्या आणि सगुणाबाईंनी त्यांना आईच्या मायेने वाढवले. पोराला शिकवून काय करायचे, असे गोविंदरावांच्या कानात भरवणारे लोक होते आणि त्यांचे ऐकून जोतीरावांची शाळा सुटलीही. पुढे गफारबेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले व १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. हे दोघे नसते तर काय झाले असते, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. आमच्या पाड्यांवरच्या किती पोरांना असे शेजारी मिळतात?

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान, त्याच वर्षी भिडेवाड्यात सुरू केलेली मुलींची शाळा, १८४९ मध्ये बापाच्या घरातून बाहेर पडण्याची पाळी, सावित्रीमाईंची आणि फातिमा शेख यांची साथ, अस्पृश्यांसाठीच्या शाळा, १८६३ सालचे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणे, १८७३ चा ‘गुलामगिरी’ आणि त्याच वर्षीच्या २४ सप्टेंबरचा सत्यशोधक समाज हे सारे चळवळीच्या वाचकाला पाठ आहे. त्यावर मी अधिक लिहीत नाही. एक गोष्ट मात्र व्याख्यानांतून वगळली जाते. जोतीराव उपाशीपोटी समाजसेवा करणारे गृहस्थ नव्हते. ते ठेकेदार होते. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण यांसारख्या कामांना माल पुरवणे, दगड-चुना, मजूर यांचा हिशोब ठेवणे हा त्यांचा व्यवसाय होता. सरकारी पैसा कुठून येतो, कोणाच्या हातातून फिरतो आणि कुठे झिरपतो हे त्यांनी वहीवर पाहिले होते. नगरपालिकेतल्या जोतीरावांना समजून घ्यायचे तर हा हिशोबी माणूस आधी समजून घ्यावा लागतो.

१८७६ साली ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले आणि १८८२ पर्यंत राहिले. तेव्हा निवडणूक नव्हती, सदस्य सरकार नेमत असे. आता नेमणूक म्हटली की काय होते हे आपण जाणतो. ज्याने खुर्ची दिली त्याच्या म्हणण्याला मान डोलवायची. आणि त्या काळी खुर्ची देणारा साधासुधा पुढारी नव्हे, तर साक्षात इंग्रज सरकार होते. त्यातच १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम उघडला. एकीकडे भुकेली पोरे आणि दुसरीकडे नगरपालिकेचा कारभार असे दोन्ही जोतीरावांच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी होते.

नोव्हेंबर १८८० मध्ये व्हाइसरॉय पुण्याला यायचे होते. त्यांच्या स्वागताच्या सजावटीसाठी हजार रुपये मंजूर करावेत असा विषय आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांचे म्हणणे पडले. नगरपालिकेत ३२ नेमलेले सदस्य होते. विरोधात पडलेले मत एकच, जोतीरावांचे. पुढे भव्य मंडई बांधायचे निघाले तेव्हाही एवढा पैसा इमारतीत घालण्यास त्यांनी आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. मंडई झाली, तिला रे साहेबाचे नाव मिळाले आणि कालांतराने तीच महात्मा फुले मंडई झाली. ज्या खर्चाला माणसाने विरोध केला, त्याच इमारतीवर त्याचे नाव! महापुरुषांना पचवून टाकण्याची ही आपल्या देशाची जुनी रीत आहे.

परंतु माझ्या मते या सहा वर्षांतले सर्वांत महत्त्वाचे काम त्या हजार रुपयांच्या प्रसंगाच्या चार महिने आधीचे आहे. जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष प्लंकेट यांना दारूच्या दुकानांबाबत पत्र लिहिले.

त्या पत्राची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागेल. १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. त्याआधी गावोगाव ताडी-माडी निघत होती, मोहाची दारू घरोघर गाळली जात होती. नव्या कायद्याने हे सारे सरकारच्या मुठीत गेले. मक्तेदाराच्या भट्टीत दारू गाळायची, परवाना असलेल्या दुकानातच ती विकायची, आणि प्रत्येक झाडावर, प्रत्येक गॅलनवर सरकारचा हिस्सा. आमच्या ठाणे जिल्ह्याने या कायद्याचा चटका विशेष सोसला. ताडाच्या झाडांवरचा कर वाढला आणि १८९२ साली तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने घालणारा कायदा झाला. ज्या झाडाखाली ठाकूर-कातकऱ्यांच्या पिढ्या वाढल्या, त्याची फुले घरात ठेवणे गुन्हा आणि मक्तेदाराच्या दुकानात पैसे मोजून पिणे कायदेशीर! सरकारला लोकांचे व्यसन नको होते असे कोणी समजू नये. सरकारला व्यसन फुकटात नको होते, एवढेच.

अशा वेळी पुण्यात, भरवस्तीत दारूची दुकाने उघडली. जोतीरावांनी पत्रात काय मांडले? नगरपालिका शहराच्या आरोग्यावर एवढा पैसा खर्च करते, त्यासाठी निरीक्षक ठेवते; आणि त्याच शहरात दारूची दुकाने लोकांचे आरोग्य व नीती दोन्ही नासवत आहेत, कुटुंबेच्या कुटुंबे धुळीला मिळत आहेत, दुकाने निघाल्यापासून हे व्यसन फैलावत चालले आहे, असा त्यांचा मुद्दा होता. यात पापपुण्याची भाषा फारशी नाही. एका हाताने गटारे साफ करायची आणि दुसऱ्या हाताने दारूची गटारे वाहू द्यायची, हा कसला कारभार, असा एका नगरपालिका सदस्याचा रोखठोक प्रश्न आहे. त्यावर उपाय म्हणून, ही दुकाने जेवढे नुकसान करतात त्या प्रमाणात त्यांच्यावर कर बसवावा, असे त्यांनी सुचवले. आणि शेवटी, वकील म्हणून मला जी गोष्ट सर्वांत भावते ती केली. त्यांनी आकडे मागितले. इतर नगरपालिका अशा दुकानांवर कर घेतात काय, प्रांतिक आणि वरिष्ठ सरकार त्यांच्याकडून किती वसूल करते, याची माहिती त्यांनी विचारली. माहितीचा अधिकार आपल्याला २००५ साली कायद्याने मिळाला. जोतीरावांनी तो १८८० सालीच वापरायला घेतला होता, तोही ज्या सरकारने आपल्याला नेमले त्याच सरकारविरुद्ध.

इथे मी जोतीरावांशी थोडा वाद घालणार आहे. अनुयायाने वाद घालू नये असे मानणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

कर हा दारूवरचा उपाय होऊ शकतो काय? मला वाटते, नाही. ज्या दिवशी नगरपालिकेला दारूच्या दुकानातून उत्पन्न मिळू लागते, त्या दिवसापासून ती त्या दुकानाची भागीदार होते. मग दुकान बंद करा म्हणणारा माणूस तिला आपली तिजोरी फोडणारा चोर वाटू लागतो. आज नेमके हेच झाले आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची जादा भर पडेल असे सांगण्यात आले. दारूने किती घरे मोडली याचा हिशोब त्या निर्णयात कुठेच नव्हता. जोतीराव म्हणत होते नुकसानीच्या प्रमाणात कर, आणि सरकारने घेतला तिजोरीच्या गरजेच्या प्रमाणात कर. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे जोतीरावांच्या बाजूने मान्य करावेच लागेल. शिवाय त्यांच्या हातात दुसरे हत्यार तरी कोणते होते? परवाना देणे-न देणे अबकारी कायद्याने सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती. नगरपालिकेला ना नकाराधिकार, ना सुनावणी. दुकान आमच्या दारात, परवाना तुमच्या टेबलावर, अशी ती अवस्था. त्यात कर बसवण्याची मागणी हीच सापडलेली एकमेव फट होती. ते फटीतून शिरले.

आणि ती अवस्था बदलली काय? महाराष्ट्रात आजही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली दारूचे परवाने दिले जातात. नाव दारूबंदीचे, काम दारूविक्रीचे! अंमल राज्य उत्पादन शुल्क विभागाचा, परवान्याचा निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात. ग्रामपंचायतीकडे येतो तो ना हरकत दाखला. ग्रामसभेत हा विषय कसा येतो, ते मी पाहिले आहे. बारा विषयांच्या नोटिशीत अकरावा विषय असतो ‘हॉटेल व्यवसायास ना हरकत’. हॉटेल म्हटल्यावर कोण हरकत घेणार? मिसळ-पाव समजून बायाबापड्या घरी जातात आणि सहा महिन्यांनी तिथे परमिट रूमची पाटी लागते. अशा एका ठरावाची नक्कल घेऊन आमच्या भागातल्या काही महिला माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या सह्या त्या ठरावाखाली होत्या. सह्या खऱ्या होत्या, हेच दुःख! उपस्थितीच्या रजिस्टरवर केलेली सही ठरावाला दिलेली संमती ठरली होती. तेव्हापासून मी प्रत्येक सभेत सांगतो की नोटीस वाचल्याशिवाय बसू नका आणि इतिवृत्त ऐकल्याशिवाय उठू नका.

मुंबई-आग्रा महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो, आता समृद्धी महामार्गही जातो. महामार्ग म्हटला की ढाबे आणि ढाब्याबरोबर बार. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला, तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीतील रस्ते सुटले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत कोणत्या ग्रामपंचायती शहरासारख्या समजायच्या हे राज्यांवर सोपवले गेले. चौदा महिन्यांत निकालाची अशी धार बोथट झाली. न्यायालयाचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. तारखा तेवढ्या सांगितल्या.

मग आपल्या हातात काय? २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी लेखी मागणी केल्यास गुप्त मतदान घ्यावे लागते. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. ऐकायला छान. पण मेख इथे आहे. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. आमदार निवडून यायला झालेल्या मतांत सर्वांत जास्त मते पुरतात, बार बंद करायला मात्र अख्ख्या यादीचे बहुमत लागते! आता आमच्याकडची गोष्ट पाहा. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळात मतदान लागले तर भट्टीवर गेलेली प्रत्येक बाई कायद्याच्या दृष्टीने उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. जिच्या नवऱ्याची उचल त्याच दुकानात संपते, तिचीच गैरहजेरी त्या दुकानाला जगवते. म्हणून मागणीअर्ज कधी द्यायचा, याचा विचार आधी करा. सह्यांची पडताळणी, तारीख, मतदान या साऱ्याला वेळ लागतो.

दुसरा मार्ग पेसाचा. शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी, नियमन किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार मानला आहे व राज्याचे नियम २०१४ साली झाले आहेत. इथे आपल्या बौद्ध कार्यकर्त्यांनी एक पथ्य पाळावे. आदिवासी बांधवांच्या देवकार्यात मोहाचे स्थान आहे. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये दारूबंदीच्या कलमावर चर्चा झाली तेव्हा जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या वतीने याच कारणाने विरोध नोंदवला होता. बाबासाहेबांनी दारूबंदीची दुरुस्ती स्वीकारली, मात्र आदिवासी क्षेत्रांसाठी असलेल्या संरक्षणाकडेही त्यांनी लक्ष वेधले. आपले पाचवे शील आपण पाळावे, बावीस प्रतिज्ञांतील मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आधी आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत पाळावी. पाड्यावरच्या म्हाताऱ्याला शिकवायला जाऊ नये. आपला लढा परवान्याशी आहे.

तिसरी गोष्ट अगदी साधी. परवान्याच्या नियमांत शैक्षणिक आणि धार्मिक संस्थांपासून ठराविक अंतर राखण्याची अट आहे. पण धार्मिक संस्था म्हणजे नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या मालकीची किंवा व्यवस्थापनाखालील. आपल्या बहुतेक गावांत विहार आहे, बुद्धरूप आहे, दर पौर्णिमेला वंदना आहे, आणि धर्मादाय कार्यालयात नोंदणी नाही. उद्या विहाराच्या भिंतीला लागून बार आला तर कायद्याच्या नजरेला तिथे विहार दिसणारच नाही. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधिमंडळात जाहीर केले की गृहनिर्माण सोसायटीतील गाळ्यात बिअर वा दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलेच झाले. सोसायटीवाल्यांना संमतीचा हक्क मिळाला, बुद्धवाड्याला कधी? तोवर निदान विहाराची नोंदणी करून घ्या. त्यासाठी लागणारे कागद मी विनामूल्य करून देतो, हे अनेकदा सांगून झाले आहे.

जोतीरावांकडे वळतो. १८८२ मध्ये त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामातून गोळा झालेला महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो, हे त्यांनी तिथे मांडले. पैसा कोणाचा आणि खर्च कोणावर, हा व्हाइसरॉयच्या स्वागताच्या वेळचाच प्रश्न. पुढल्या वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. सावित्रीमाईंच्या नावे १८९२ साली छापल्या गेलेल्या भाषणांत व्यसने आणि कर्ज हे दोन विषय आहेत. ते एकाच संग्रहात आले यात मला तरी योगायोग दिसत नाही. माझ्याकडे पोटगीसाठी येणाऱ्या बायांच्या कागदपत्रांतही हे दोन शब्द शेजारीशेजारीच असतात.

२ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी दिलेल्या मेजवानीला जोतीराव फाटक्या शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरी प्रजा कशी दिसते ते राजपुत्राला दाखवले. ११ मे १८८८ ला मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांत पक्षाघाताने उजवी बाजू गेली. ठेकेदारीतला पैसा शाळांत, आश्रमात आणि छपाईत केव्हाच संपला होता. डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुरा केला. तो छापून आला तेव्हा ते नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, असे त्यांनी १८८७ सालच्या मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. घरामागे त्यासाठी जागाही करून ठेवली होती. पण राहत्या वस्तीत दफनाला नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. ही तीच नगरपालिका, जिथे ते सहा वर्षे बसले आणि जिच्याकडे भरवस्तीतल्या दारूच्या दुकानाबद्दल त्यांनी पत्र दिले होते. देहाला अग्नी द्यावा लागला. टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीमाई पुढे झाल्या आणि टिटवे हातात घेऊन प्रेतयात्रेच्या पुढे चालू लागल्या.